सेनापतीचा छापील चेहरा

लंडनमध्ये ९ सप्टेंबर १७७५ या तारखेनं प्रसिद्ध झालेलं एक छापचित्र आहे. लष्करी पोशाखातला एक माणूस घोड्यावर स्वार आहे आणि मागे लढाई चालली आहे. चित्राखाली नाव आहे जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेतल्या काँटिनेंटल सैन्याचा सरसेनापती. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावच्या अलेक्झांडर कॅम्पबेल नावाच्या चित्रकारानं वॉशिंग्टनला प्रत्यक्ष पाहून जे चित्र काढलं, त्यावरून हे छापचित्र केलं, असं ती ओळ सांगते. प्रकाशकाचं नाव सी. शेफर्ड.

वॉशिंग्टनचा सहकारी जोसेफ रीड यानं असं एक चित्र मार्था वॉशिंग्टनला पाठवलं. ३१ जानेवारी १७७६ रोजी रीडला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टननं बायकोच्या वतीनं त्याचे आभार मानले आणि जाता जाता सांगून टाकलं, की या कॅम्पबेलसाहेबांना आपण कधी पाहिल्याचं आठवत नाही. पण त्यांनी सरसेनापतीला चांगलाच उग्र करून ठेवला आहे, चेहऱ्यावर हवी तेवढी जरब भरली आहे.

म्हणजे ज्याचं चित्र, त्यालाच चित्रकार माहीत नव्हता. पुढं अभ्यासकांनी शोध घेतला, पण त्या कॅम्पबेलचा मागमूस लागला नाही. सी. शेफर्ड हे नावही बनावट असावं, असं मानलं जातं. चेहरा कल्पनेतला, चित्रकार कल्पनेतला, प्रकाशकही बहुधा तसाच. आणि तरीही हे चित्र विकलं गेलं, युरोपात त्याच्या नकला निघाल्या, आणि अमेरिकेच्या बंडाचा पुढारी दिसतो कसा, हे कितीतरी लोकांनी या चित्रावरूनच ठरवलं.

हा प्रकार वाटतो तितका विचित्र नाही. त्या दिवसांची परिस्थिती डोळ्यांपुढे आणून बघा. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला पहिल्या गोळ्या सुटल्या. १५ जूनला काँटिनेंटल काँग्रेसनं वॉशिंग्टनला सरसेनापती नेमलं. दोनच दिवसांनी बंकर हिलची मोठी लढाई झाली. बातमी जहाजानं यायची, त्यामुळे लंडनला ती कळायला आठवडे लागायचे. २३ ऑगस्टला राजा तिसरा जॉर्ज यानं वसाहतींनी बंड पुकारल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सतराव्या दिवशीची तारीख या चित्रावर आहे. लंडनच्या कॉफीघरांत लोक विचारत होते, हा वॉशिंग्टन कोण? हा पटनम कोण? आपल्या फौजेशी लढणारी ही माणसं दिसतात तरी कशी? वर्तमानपत्रांत मजकूर होता, चित्र नव्हतं. फोटोग्राफीचा शोध लागायला अजून सहा दशकं होती. चित्रांचे दुकानदार ही मागणी ओळखून होते. चेहरा मिळत नव्हता, तर त्यांनी तो तयार केला.

वॉशिंग्टन एकटाच नव्हता. इझ्रायल पटनम, चार्ल्स ली, डेव्हिड वूस्टर, जॉन सलिव्हन, बेनेडिक्ट अर्नोल्ड, आरमाराचा इसेक हॉपकिन्स अशा एकेका नेत्याची चित्रं १७७५ आणि १७७६ मध्ये निघत गेली. शेफर्डबरोबर टॉमस हार्ट हे नाव प्रकाशक म्हणून दिसू लागलं. ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मला तरी ती एका घरातली भावंडं वाटतात. तशीच भरलेली शरीरं, तसेच गोल गाल, तीच ऐट. बदलतं ते हातातलं शस्त्र, पाठीमागचा देखावा आणि खालचं नाव. राजानं ज्यांना बंडखोर ठरवलं त्यांची चित्रं खऱ्या नावानं विकणं धोक्याचं वाटलं असेल, म्हणून ही टोपणनावं घेतली असावीत, असा माझा तर्क आहे. दुसरं कारण अधिक साधं असू शकेल. चेहरा खोटा आहे, हे उद्या उघडकीस आलं, तर जाब कोणाला विचारणार?

ही चित्रं ज्या तंत्रानं छापली जात, ते थोडं समजून घेतलं तर पुढचं बरंच उलगडतं. त्याचं नाव मेझोटिंट. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. अर्धगोल पात्याचं, बारीक दाते असलेलं एक हत्यार असतं, ते पाळणा झुलवावा तसं त्या पत्र्यावर झुलवत न्यायचं. आडवं, उभं, तिरपं, पुन्हा पुन्हा. संपूर्ण पत्रा खरखरीत होतो. अशा पत्र्याला शाई लावून छाप घेतला, तर कागदावर मखमलीसारखा गडद काळा रंग उमटतो. मग चित्रकार त्या काळ्यातून उजेड काढतो. जिथं कपाळ उजळ हवं, गालाची कड हवी, बटणावरची चमक हवी, तिथं पत्रा खरवडून, घासून पुन्हा गुळगुळीत करायचा. जितका गुळगुळीत, तितका पांढरा. आपण कागदावर चित्र काढतो ते उजेडातून अंधाराकडे जातो. इथं उलटा प्रवास. छापचित्रकला शिकत असताना मी वीतभर पत्रा असा तयार केला आहे. चित्राला हात लावण्याआधीच मनगट भरून आलं होतं. पण त्वचेचा मऊपणा, कापडाची घडी, धुराचं सावट या तंत्रात जसं उतरतं, तसं नुसत्या रेषांच्या कोरीवकामात उतरत नाही. त्यामुळे व्यक्तिचित्रांसाठी हे तंत्र फार लोकप्रिय झालं.

गंमत अशी, की हे तंत्रच एका लष्करी माणसानं शोधलं. लुडविग फॉन झीगन या अधिकाऱ्यानं १६४२ मध्ये पहिलं मेझोटिंट केलं. पुढं प्रिन्स रूपर्टनं हे तंत्र विकसित करून इंग्लंडमध्ये नेलं. हा रूपर्ट म्हणजे इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूनं लढलेला घोडदळाचा सेनापती. इंग्लंडमध्ये ते इतकं रुजलं, की फ्रेंच लोक त्याला ‘इंग्रजी पद्धत’ म्हणू लागले.

या तंत्रातली एक अडचण व्यापाराशी जोडलेली आहे. खरखरीत पत्रा छापखान्याच्या दाबाखाली लवकर झिजतो. पहिल्या शे-दोनशे प्रती उत्तम येतात, मग काळा रंग फिका पडत जातो. म्हणून बातमी ताजी असेपर्यंतच चित्र बाजारात आणायला हवं. खरा चेहरा मिळेपर्यंत थांबणं दुकानदाराला परवडणारं नव्हतं.

मग प्रश्न पडतो, की चित्रावर इतकी नेमकी तारीख कशी? त्याचं श्रेय विल्यम होगार्थ या चित्रकाराला आहे. त्याच्या चित्रांच्या चोरट्या नकला निघत होत्या. त्यानं आणि इतरांनी खटपट करून १७३५ मध्ये इंग्लंडच्या संसदेकडून कायदा करून घेतला. छापचित्राच्या पत्र्यावर तारीख आणि मालकाचं नाव कोरलेलं असेल, तर त्याला ठरावीक वर्षं संरक्षण मिळू लागलं. त्यामुळे त्या काळच्या इंग्रजी छापचित्राखाली एक ओळ हमखास असते. त्यातले लॅटिन शब्द एकदा ओळखीचे झाले, की चित्र बोलू लागतं. ‘पिंक्सिट’ म्हणजे याने रंगवलं, ‘डेलिनेआव्हिट’ म्हणजे याने रेखाटलं, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे याने पत्र्यावर कोरलं, ‘एक्सकुडिट’ म्हणजे याने प्रसिद्ध केलं. एका चेहऱ्यामागे तीन-चार माणसं असायची आणि त्यांतल्या एकानंही मूळ व्यक्तीला पाहिलेलं नसणं अगदी शक्य होतं. कॅम्पबेलच्या चित्राखालची ओळ कायद्याच्या चौकटीत बसते. तारीख आहे, नाव आहे. फक्त त्या नावाचा माणूस सापडत नाही.

चेहरे उसने घेण्याची रीत अमेरिकेतही होती. बोस्टनचा पॉल रिव्हिअर हा चांदीकाम करणारा कारागीर. इंग्रज फौज निघाल्याची बातमी घेऊन रात्री घोडा दौडवणारा म्हणून तो पुढं प्रसिद्ध झाला. तो पत्र्यावर चित्रंही कोरायचा. १७७२ मध्ये एका इतिहासाच्या पुस्तकासाठी त्याला कर्नल बेंजामिन चर्चचं चित्र हवं होतं. चर्च हा जुन्या काळचा, मूळ रहिवाशांशी झालेल्या युद्धातला नायक. त्याला मरून पन्नासहून अधिक वर्षं झाली होती. रिव्हिअरनं काय केलं? चार्ल्स चर्चिल नावाच्या इंग्रज कवीचं एक छापील चित्र घेतलं, चेहरा तोच ठेवला आणि गळ्यात बंदुकीच्या दारूचं शिंग अडकवलं. चर्चिलचा चर्च झाला आणि कवीचा कर्नल.

याहून धीट उदाहरण इंग्लंडच्या राज्यक्रांतीचं आहे. पिएर लोंबार या कोरीवकाम करणाऱ्यानं सतराव्या शतकाच्या मध्याला घोडेस्वाराचा एक मोठा पत्रा तयार केला. त्याचा मूळ नमुना होता व्हॅन डाइकनं रंगवलेला राजा पहिला चार्ल्स. पण राजाचा शिरच्छेद झाला होता आणि सत्ता क्रॉमवेलकडे होती, म्हणून लोंबारनं घोड्यावर क्रॉमवेलचं डोकं बसवलं. पुढं त्याच पत्र्यावरचं डोकं खरवडून तिथं चार्ल्सचं डोकं आलं. मधल्या अवस्थेतले काही छाप शिल्लक आहेत. त्यांत घोडा आहे, चिलखत आहे, हात आहेत आणि मानेवर काहीच नाही. अभ्यासक या चित्राला ‘बिनडोक्याचा स्वार’ म्हणतात. ज्याच्या डोक्यासाठी देशात रक्त सांडलं, ते पत्र्यावर काही तासांच्या कामात बदलता येत होतं.

अर्थात सगळेच काही असे नव्हते. ज्यांनी नेत्यांना जवळून पाहिलं, असेही चित्रकार होते, आणि त्यांना त्याची किंमतही मोजावी लागली. चार्ल्स विल्सन पील हा मेरीलँडचा माणूस. लंडनला बेंजामिन वेस्ट या चित्रकाराकडे शिकत असताना तो मेझोटिंटही शिकला. वॉशिंग्टनचं पहिलं चित्र त्यानंच १७७२ मध्ये काढलं, तेव्हा वॉशिंग्टन व्हर्जिनियाचा एक निवृत्त कर्नल आणि जमीनदार होता. युद्ध सुरू झाल्यावर पील स्वतः सैन्यात गेला आणि प्रिन्स्टनच्या लढाईत होता. १७७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या सरकारनं त्याच्याकडून वॉशिंग्टनचं मोठं चित्र करून घेतलं. त्यात सेनापती तोफेवर हात टेकून, पाय सैलावून उभा आहे, जिंकलेले झेंडे खाली पडले आहेत. चेहऱ्यावर जरब नाही, काम उरकून आलेल्या माणसाचा निवांतपणा आहे. या चित्रावरून पीलनं १७८० मध्ये स्वतःच्या हातानं मेझोटिंट केलं. पाहणारा, रंगवणारा, कोरणारा आणि विकणारा, चौघेही इथं एकच. लंडनचा ‘कॅम्पबेल’ आणि फिलाडेल्फियाचा पील यांची चित्रं शेजारी ठेवली, तर हा एकच माणूस आहे हे ओळखू येत नाही.

जॉन ट्रंबुलची गोष्ट आणखी पुढची आहे. तो १७७५ मध्ये काही काळ वॉशिंग्टनच्या हाताखाली होता. १७८० मध्ये तो लंडनला वेस्टकडे चित्रकला शिकायला गेला. युद्ध चालू असताना शत्रूच्या राजधानीत, आणि तिथं त्यानं वॉशिंग्टनचं चित्र रंगवलं, तेही आठवणीतून! त्याच सुमारास अमेरिकेत जॉन आंद्रे या इंग्रज अधिकाऱ्याला हेर म्हणून फाशी देण्यात आलं. ही बातमी लंडनला पोचल्यावर नोव्हेंबर १७८० मध्ये ट्रंबुलला राजद्रोहाच्या संशयावरून अटक झाली आणि त्याला अनेक महिने तुरुंगात काढावे लागले. तो तुरुंगात असतानाच, जानेवारी १७८१ मध्ये, व्हॅलेंटाइन ग्रीन या नामवंत कारागिरानं केलेलं त्या चित्राचं मेझोटिंट लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. चित्रकार गजाआड होता आणि ज्याच्यासाठी तो गजाआड गेला, त्या शत्रुसेनापतीचं चित्र राजरोस विकलं जात होतं. वॉशिंग्टनला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाच्या हातचं चित्र युरोपातल्या लोकांना अशा रीतीनं पाहायला मिळालं.

या चित्रात वॉशिंग्टनच्या मागे एक कृष्णवर्णीय माणूस घोडा धरून उभा आहे. त्याच्या डोक्याला पागोट्यासारखं वस्त्र आहे. पॅरिसमध्ये नोएल ल मीर यानं कोरलेल्या वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध चित्रातही असाच सेवक आहे. ते ज्या ल पाओनच्या चित्रावरून केलं, तो युद्धाचे देखावे रंगवणारा माणूस. अमेरिकेत तो गेला नव्हता. त्यानं सेनापतीचा चेहरा मार्क्विस द लाफायेतच्या संग्रहातल्या चित्रावरून घेतला. वॉशिंग्टनच्या हातात त्यानं स्वातंत्र्याचा जाहीरनामा दिला आणि पायाशी इंग्रजांचे फाटलेले कागद टाकले. चित्रातला प्रत्येक कागद काहीतरी सांगतो. पण त्या सेवकाविषयी चित्राखाली अक्षर नाही.

ट्रंबुलच्या चित्रातला सेवक विल्यम ली असावा, असं मानतात. हा वॉशिंग्टनचा गुलाम. संपूर्ण युद्धभर तो त्याच्याबरोबर घोड्यावरून फिरला. १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रानं तत्काळ मुक्त झालेला गुलाम एकटा विल्यम लीच होता. त्याला वर्षाला तीस डॉलर लावून दिले होते. पण ट्रंबुलच्या चित्रातला चेहरा त्याचाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कारण त्या काळी युरोपात थोर माणसाच्या मागे पागोटंवाला काळा सेवक रंगवण्याची पद्धतच होती. सेनापतीचा चेहरा बरोबर आहे की नाही, यावर पुस्तकं लिहिली गेली. त्याच्या मागच्या माणसाच्या चेहऱ्याची चौकशी करायचं कोणाला फार काळ सुचलं नाही. स्वातंत्र्याच्या लढाईची ही चित्रं पाहताना मला ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

आता बेनेडिक्ट अर्नोल्डकडे वळू. छापील चेहऱ्याचं नशीब कसं फिरतं, ते या माणसाइतकं दुसऱ्या कोणाच्या बाबतीत दिसत नाही. १७७५ च्या शेवटच्या दिवशी त्यानं क्वेबेकवर हल्ला केला, तो फसला, आणि त्याच्या पायाला गोळी लागली. २६ मार्च १७७६ या तारखेनं टॉमस हार्टच्या नावावर त्याचं चित्र लंडनला निघालं. पुढं साराटोगाला १७७७ मध्ये त्यानं पराक्रम गाजवला आणि त्याच पायाला पुन्हा जखम झाली. नंतर तो फिलाडेल्फियाचा लष्करी प्रशासक झाला. तिथं जिनिव्हाहून आलेला ड्यू सिमितिएर नावाचा एक संग्राहक-चित्रकार अमेरिकी नेत्यांच्या एका बाजूनं दिसणाऱ्या रेखाकृती काढत होता. वॉशिंग्टन, गेट्स, श्टॉयबेन यांच्याबरोबर त्यानं अर्नोल्डचीही काढली. ही माला पॅरिसला पाठवून कोरून घेण्यात आली.

सप्टेंबर १७८० मध्ये अर्नोल्डचं कारस्थान उघडकीस आलं. वेस्ट पॉइंटचा किल्ला तो इंग्रजांच्या हवाली करणार होता. आंद्रे फाशी गेला तो याच प्रकरणात. अर्नोल्ड मात्र निसटला. फिलाडेल्फियात लोक खवळले. ३० सप्टेंबरला तिथं एक मिरवणूक निघाली. गाडीवर अर्नोल्डचा पुतळा होता, त्याला दोन तोंडं होती, एका हातात मुखवटा होता, आणि मागे काळ्या पोशाखातला सैतान पैशांची थैली हलवत उभा होता. हा पुतळा बनवला होता कोणी? त्याच चार्ल्स विल्सन पीलनं! मिरवणुकीचं छापचित्रही निघालं आणि ते लोकांत वाटलं गेलं, विकलं गेलं. पुतळ्याचं पुढं दहन झालं, पण कागदावरचा दोन तोंडांचा अर्नोल्ड टिकून राहिला. खरा चेहरा माहीत असणाऱ्या शहरात, माहीत असणाऱ्या चित्रकारानं मुद्दाम खोटा चेहरा केला होता, आणि लोकांना तोच खरा वाटला.

आणि तरी १७८३ मध्ये, युद्ध संपत असताना, ड्यू सिमितिएरची माला लंडनला पुन्हा छापली गेली. ‘अमेरिकी कायदेकर्ते, देशभक्त आणि सैनिक यांची तेरा चित्रं’ अशा अर्थाचं तिचं नाव. तेरांपैकी एक अर्नोल्ड! अमेरिकेत देशद्रोही, लंडनच्या छापील वहीत देशभक्तांच्या रांगेत. त्याच्या खऱ्या चेहऱ्याचा विश्वासार्ह पुरावा म्हणून आज याच रेखाकृतीकडे पाहिलं जातं. अमेरिकेत मात्र त्याचा चेहरा उभारला गेला नाही. साराटोगाच्या उंच स्मारकस्तंभाला चार कोनाडे आहेत. तिघांत सेनापतींचे पुतळे आहेत, चौथा रिकामा ठेवला आहे. रणभूमीवर १८८७ मध्ये बसवलेला एक दगड आहे. त्यावर एक बूट कोरला आहे, नाव नाही. जखमी पायाचा मान राखला, माणसाचा नाही.

या बाजाराचा एक धागा थेट आपल्या इतिहासात येतो. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला इंग्रज फौज शरण आली. तिचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून समारंभाला गेलाच नाही. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल म्हणून आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात पेशवे आणि निजाम त्याच्या बाजूनं होते. मराठ्यांच्या फौजा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या हाताखाली त्या मोहिमेत होत्या. फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला प्राथमिक तह झाला आणि टिपूचे दोन लहान मुलगे ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन झाले. लंडनच्या चित्रबाजाराला हवा तसा प्रसंग मिळाला. अमेरिकेत हरलेला सेनापती इथं बापाच्या मायेनं मुलांचा हात धरताना दाखवता येत होता.

रॉबर्ट होम हा चित्रकार त्या मोहिमेत फौजेबरोबर होता, त्यानं हा प्रसंग रंगवला. पण लंडनमध्ये मॅदर ब्राउन यानंही टिपूच्या मुलांच्या प्रसंगांवर चित्रं रंगवली आणि डॅनियल ऑर्मनं ती कोरून छापली. मॅदर ब्राउन मूळचा बोस्टनचा, तोही वेस्टचा शिष्य. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. त्यानं श्रीरंगपट्टण पाहिलं नव्हतं, टिपूचे मुलगे पाहिले नव्हते. वॉशिंग्टनच्या बाबतीत लंडननं जे १७७५ मध्ये केलं, तेच सतरा-अठरा वर्षांनी टिपूच्या बाबतीत केलं, आणि या खेपेला कुंचला एका अमेरिकेत जन्मलेल्या माणसाच्या हातात होता. ज्या युद्धात आपल्याकडची हजारो माणसं लढली, त्याचं इंग्लंडमधल्या घराघरांत टांगलेलं रूप असं तयार झालं.

मग वॉशिंग्टनचा कोणता चेहरा शेवटी टिकला? गिल्बर्ट स्ट्युअर्टनं १७९६ मध्ये त्याला समोर बसवून एक चित्र सुरू केलं आणि मुद्दाम अपुरं ठेवलं. मूळ चित्र स्वतःजवळ ठेवून तो आयुष्यभर त्याच्या नकला करून विकत राहिला. एका जहाजाच्या कप्तानानं चीनमधून याच चित्राच्या काचेवर रंगवलेल्या शंभरेक नकला आणून फिलाडेल्फियात विकायला काढल्या, तेव्हा १८०२ मध्ये स्ट्युअर्टनं कोर्टात धाव घेतली. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर आज जो चेहरा आहे, तो या अपुऱ्या चित्रावरूनच कोरला आहे. फक्त तो उलटा आहे, आरशात दिसावा तसा. सेनापतीच्या गणवेशातला तरुण, उग्र वॉशिंग्टन मागे पडला आणि साध्या काळ्या कोटातला, ओठ घट्ट मिटलेला म्हातारा जगभर पोचला. त्या घट्ट ओठांमागे नीट न बसणारी कवळी होती, असं सांगतात.

या सगळ्या चित्रांना खोटी म्हणून बाजूला सारावं, असं मला सांगायचं नाही. ‘कॅम्पबेल’चं चित्र वॉशिंग्टनविषयी काही सांगत नाही; पण १७७५ साली लंडनला बंडखोराचा चेहरा कसा हवा होता, हे ते चोख सांगतं. दोन तोंडांचा अर्नोल्ड फिलाडेल्फियाच्या संतापाविषयी सांगतो. चित्र कशाचा पुरावा आहे, हे आधी ठरवावं लागतं. आज हा प्रश्न संग्रहालयापुरता राहिलेला नाही. कुठं युद्ध सुरू झालं, की तासाभरात सेनापतींचे, सैनिकांचे, रडणाऱ्या मुलांचे चेहरे आपल्या फोनवर येतात, आणि त्यांतले काही तर संगणकानं तयार केलेले असतात. तिथं तांब्याचा पत्रा नाही आणि खाली बारीक अक्षरांतली ओळही बहुधा नसते. ती ओळ आपण स्वतः विचारायची असते. हा चेहरा प्रत्यक्ष कोणी पाहिला? तो लोकांपुढे कोणी आणला आणि त्यात त्याचा फायदा काय? आणि याच चित्रात घोडा धरून मागे उभा असलेला तो माणूस, त्याचं नाव काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)